हबीब तनवीर: छत्तीसगढी बोलीला जगाच्या रंगमंचावर नेणारा उर्दू शायर

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात एका सभागृहाला हबीब तनवीर यांचे नाव आहे. याच परिसरात 'नजीर हाट' नावाची जागाही आहे. ही दोन नावे एकमेकांच्या इतकी जवळ असावीत, हे फार छान जुळून आलेलं आहे. कारण आग्र्याचे जुने शायर नजीर अकबराबादी यांना विसाव्या शतकात रंगमंचावर आणून पुन्हा लोकांपर्यंत पोहोचवले ते हबीब तनवीर यांनीच.

पण वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या आपल्या घरांत हबीब तनवीर कोण, असं विचारलं तर किती जण सांगू शकतील? कुणाला नाना पाटेकरांच्या 'प्रहार' चित्रपटातले वयस्कर वडील आठवतील, कुणाला तोंडात पाईप धरलेला एखादा फोटो. हबीबसाहेबांची खरी कमाई मात्र पडद्यावरची नाही. पेशावरी पठाण बापाचा हा मुलगा, उर्दूत शायरी करणारा, लंडनला नाटक शिकलेला. त्याने आयुष्यातली पन्नास वर्षे खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या कलावंतांसोबत घालवली आणि त्यांच्याच बोलीत नाटके केली. मराठी बोलणाऱ्या मुस्लिम कुटुंबांनी ही गोष्ट वाचावी, असं आम्हाला वाटतं. का, ते पुढे येईलच.

रायपूर, नागपूर आणि एकच प्रांत

हबीब अहमद खान यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूरला झाला. वडील पेशावरहून येऊन इथे स्थायिक झालेले, धार्मिक वळणाचे. आईचं माहेर रायपूरचंच. आज रायपूर ही छत्तीसगढची राजधानी आहे. त्या काळी मात्र रायपूर आणि वर्धा एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. राजधानी नागपूर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. म्हणजे हबीबसाहेबांचं बालपण आपल्या आजोबा-पणजोबांच्याच मुलखातलं.

घरात नाटकाला मान नव्हता, पण नाटकाचे वारे होते. मोठा भाऊ रायपूरच्या हौशी नाटकांत काम करायचा आणि लहानगा हबीब ते पाहायला जायचा. सुट्टीत नातेवाइकांकडे खेड्यात गेला की रात्री शेतकऱ्यांची, मजुरांची गाणी कानावर पडायची. ती गाणी त्याच्या मनात राहिली. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी त्याच गाण्यांवर त्यांची नाटके उभी राहिली.

शाळा रायपूरला झाली आणि कॉलेजसाठी ते नागपूरला आले. मॉरिस कॉलेजातून १९४४ साली ते बी.ए. झाले. मग एम.ए.साठी अलीगढला गेले, पण ते शिक्षण पुरं झालं नाही. शायरी करू लागले तेव्हा त्यांनी 'तनवीर' हे तखल्लुस घेतले. तनवीर म्हणजे उजेड. हबीब अहमद खान मागे पडले आणि हबीब तनवीर हेच नाव कायम झाले.

मुंबईचे दिवस

१९४५ मध्ये ते मुंबईला पोहोचले. आकाशवाणीवर काम केले, चित्रपटांसाठी गाणी लिहिली, छोट्या भूमिका केल्या, सिनेमावर लेख लिहिले. पोटापाण्याची सोय झाली, पण मन रमलं ते प्रगतिशील लेखक संघात आणि 'इप्टा'मध्ये, म्हणजे भारतीय जननाट्य संघात.

इप्टा त्या वेळी ऐन भरात होती. बलराज साहनी, दीना पाठक यांच्यासारखी मंडळी तिथे होती. एका तालमीत हबीबना हवा तो भाव काही केल्या साधेना. बलराज साहनींनी सरळ त्यांच्या थोबाडीत मारली आणि आता वाक्य म्हण, असं सांगितलं. वाक्य बरोबर आलं. अभिनय आधी शरीराला कळतो आणि मग डोक्याला, हा धडा त्यांनी त्या थपडेतून घेतला आणि पुढे आयुष्यभर तो किस्सा सांगितला.

महाराष्ट्राच्या बाजूने इप्टाच्या चळवळीत तेव्हा अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि शाहीर अमर शेख यांचा आवाज घुमत होता. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. पोवाडा, लावणी, तमाशा यांतून गिरणी कामगारांपर्यंत जाणारा हा शाहीर मुस्लिम घरातला होता आणि त्याची भाषा अस्सल मराठी होती. लोककला म्हणजे जुनी, संपत आलेली वस्तू, असा समज असलेल्या शहरी तरुणांना या शाहिरांनी दाखवून दिले की आजचा प्रश्नही डफाच्या थापेवर मांडता येतो. हबीब याच वातावरणात घडत होते.

स्वातंत्र्यानंतर इप्टाचे अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले, तेव्हा संघटनेचा बराच भार हबीबवर आला. पण हळूहळू चळवळ विखुरली. मित्र सिनेमात गेले. हबीब यांच्यासमोरही तोच रस्ता होता. त्यांनी तो घेतला नाही. १९५४ मध्ये मुंबई सोडून ते दिल्लीला गेले.

'आग्रा बाजार': शायर न दिसणारे नाटक

त्याच वर्षी जामिया मिल्लिया इस्लामियात नजीर अकबराबादी यांच्या स्मरणार्थ काहीतरी सादर करायचे ठरले. नजीर अठराव्या शतकातले शायर. मीर आणि सौदा यांच्या काळात नजीरनी लिहिले ते रोटीवर, पैशावर, काकडीवर, तिळाच्या लाडवांवर, पतंगांवर. ईद आणि शब-ए-बरातवर लिहिले, तसे होळी, दिवाळी आणि कृष्णाच्या बालपणावरही लिहिले. बाजारातल्या माणसाला त्यांच्या ओळी तोंडपाठ. मोठ्या पंडितांनी मात्र त्यांना फार काळ शायर मानलेच नाही.

नजीर यांच्या आयुष्याची माहिती फार थोडी मिळते. मग नाटक करायचं कसं? हबीबनी उत्तर शोधले आणि ते अजब होते. नाटक नजीरवर, पण नजीर रंगमंचावर येतच नाहीत. रंगमंचावर दिसतो तो आग्र्याचा बाजार. एका बाजूला पुस्तकाचं दुकान, तिथे शिकलेली मंडळी बसून नजीरला नावं ठेवतात. दुसऱ्या बाजूला पतंगाचं दुकान, तिथे नजीरच्या ओळी घुमतात. मंदीचे दिवस, विक्री नाही. एका काकडीवाल्याला वाटतं की आपल्या काकडीवर कुणी शायरानं चार ओळी लिहून दिल्या तर माल खपेल. मोठे शायर त्याला हाकलतात. नजीर मात्र लिहून देतात. काकडी विकली जाते आणि मग लाडूवाला, टरबूजवाला, सगळेच नजीरची गाणी गात विकायला लागतात. एवढीच गोष्ट.

या नाटकात जामियाचे विद्यार्थी आणि शिक्षक होते आणि शेजारच्या ओखला गावातली साधी माणसंही होती. त्यांना हबीबनी सरळ रंगमंचावर उभं केलं. बाजार दाखवायचा तर बाजारात वावरणारी माणसं हवीत, असा त्यांचा साधा हिशोब होता. नाटक गाजले आणि पुढची पन्नास वर्षे होत राहिले.

इथे आम्हाला वर्ध्याचा एक धागा दिसतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद बोलावली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, म्हणजे त्या वेळचे जामियाचे प्रमुख. नई तालीमची आखणी या समितीने केली. मुलाला मातृभाषेतून शिकवा आणि हाताच्या कामातून शिकवा, हा तिचा गाभा. पुढे १९४२ मध्ये वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली. हिंदी आणि उर्दूची भांडणं लावण्यापेक्षा लोकांच्या तोंडी असलेली सोपी हिंदुस्तानी दोन्ही लिप्यांत शिकवावी, हा तिचा विचार. 'आग्रा बाजार' जामियात झाले ते या परिषदेनंतर १७ वर्षांनी. हबीबनी नई तालीमवरून नाटक बेतले, असा आमचा दावा नाही. पण माणूस त्याच्या स्वतःच्या भाषेत आणि कामात सर्वांत हुशार असतो, ही सेवाग्रामची शिकवण हबीबना रंगमंचावर, आपल्या वाटेने सापडली, हे नक्की.

लंडनला गेले आणि घराकडे वळले

१९५५ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या 'राडा' या नामांकित संस्थेत अभिनय शिकले आणि पुढच्या वर्षी ब्रिस्टलला दिग्दर्शन. राडाचा अभ्यासक्रम मात्र त्यांनी अर्ध्यावर सोडला. कारण विचार करण्यासारखे आहे. त्यांचं म्हणणं असं होतं की अभिनय भाषेला चिकटलेला असतो. जीभ, श्वास, हाताची हालचाल, चालण्याची लय, हे सगळं भाषेतून येतं. मला काम करायचं आहे ते माझ्या देशात, माझ्या भाषेत. मग इंग्रजी उच्चारांवर आयुष्य का घालवू?

तिथून ते युरोपभर फिरले. कधी मासिकात लिहून, कधी गाऊन, मिळेल ते काम करून दिवस काढले. त्यांना पाहायचे होते बर्टोल्ट ब्रेख्त यांना. ते बर्लिनला पोहोचले, पण त्याआधीच, ऑगस्ट १९५६ मध्ये, ब्रेख्त वारले होते. भेट हुकली. तरी हबीब आठ महिने बर्लिनमध्ये राहिले आणि ब्रेख्तच्या नाट्यसंस्थेचे प्रयोग पाहत राहिले. सजावट कमी, गाणी भरपूर, गोष्ट सरळ प्रेक्षकांना सांगायची, त्याला रडवत ठेवण्यापेक्षा विचार करायला लावायचं.

हे पाहताना त्यांना आपलंच घर आठवलं. आपल्याकडे नाच, तमाशा, नौटंकी, सगळीकडे हेच तर चालतं! सूत्रधार येतो, गाणं होतं, सोंगाड्या मध्येच प्रेक्षकांशी बोलतो, एका गिरकीत गाव बदलतं. संस्कृत नाटकही असंच मोकळं. मराठी रंगभूमीवरही पुढे हा प्रवाह आला. १९७२ चे 'घाशीराम कोतवाल' आणि पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेले १९७८ चे 'तीन पैशाचा तमाशा' आपल्या वाचकांना ठाऊक असतील. हबीब या वाटेवर बरेच आधी निघाले होते.

सहा कलावंत आणि एक अवघड प्रश्न

१९५८ मध्ये ते परतले. दिल्लीत बेगम कुदसिया जैदी यांच्या 'हिंदुस्तानी थिएटर'साठी त्यांना शूद्रकाचे 'मृच्छकटिक' करायचे होते. हे नाटक मराठी माणसाला देवलांच्या संगीत नाटकामुळे परिचयाचे. हबीब रायपूरला गेले आणि तिथे रात्रभर चालणारा 'नाचा' पाहिला. ठाकूरराम, मदनलाल, लालूराम, भुलवाराम यांच्यासारखे कलावंत पाहून ते थक्क झाले. अशा सहा जणांना ते दिल्लीला घेऊन आले आणि 'मिट्टी की गाडी' झाले. संस्कृत अभिजात नाटकात खेड्यातले नाचे कशाला, अशी टीका झाली. हबीब ठाम राहिले.

१९५९ मध्ये मोनिका मिश्रा यांच्या सोबतीने त्यांनी 'नया थिएटर' ही संस्था काढली. मोनिका स्वतः दिग्दर्शिका होत्या आणि त्याच हबीब यांच्या जीवनसाथी झाल्या. संस्थेचा हिशोब, पत्रव्यवहार, कपडेपट, कलावंतांची आजारपणं, सगळं त्यांनी सांभाळले. हबीब तनवीर हे नाव घेताना मोनिकाबाईंचं नाव विसरणं बरोबर होणार नाही.

आता खरी अडचण पुढेच होती. गावात आपल्या नाचात जे कलावंत हजारो लोकांना रात्रभर खिळवून ठेवायचे, तेच हबीबच्या तालमीत अवघडून जायचे. हा नट थोर आहे, हे दिसत होतं, मग इथे तो लाकडासारखा का होतो? या प्रश्नाने हबीबना कित्येक वर्षे छळले.

उत्तर मिळायला १९७० चे दशक उजाडावं लागलं. त्यांच्या लक्षात आलं की चूक कलावंतांची नाही, दिग्दर्शकाची आहे. एक तर आपण त्यांच्या तोंडी हिंदी घालतो. त्यांची जीभ छत्तीसगढी. हिंदी बोलताना ते प्रत्येक शब्द तपासतात आणि अभिनय राहून जातो. दुसरे, आपण त्यांना लंडनच्या शिस्तीने इथून तिथे चल, या वाक्यावर वळ, असं बांधून टाकतो. नाचाचा कलावंत तर तीन-चार बाजूंनी बसलेल्या लोकांसमोर खेळायला सरावलेला. ज्या बाजूने दाद येते तिकडे तो वळतो. त्याला खडूच्या रेघा आखून दिल्या तर तो चालणंच विसरतो.

हबीबनी दोन्ही बंधने काढली. तुमच्या बोलीत बोला आणि तुम्हाला सुचेल तसे हला. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी संहितेचा हट्ट सोडला. प्रसंग सांगायचा, ते खेळून दाखवायचे आणि त्यातून चांगलं ते ठेवायचं. १९७३ मध्ये रायपूरला नाचाचे शिबिर झाले. तिथे जुने विनोदी खेळ जोडून 'गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' तयार झाले. नाटक छत्तीसगढीत होते, तरी दिल्लीच्या प्रेक्षकांना ते कळलं आणि आवडलं.

नाचातल्या या विनोदी खेळांना छत्तीसगढमध्ये गम्मत म्हणतात. आपल्या विदर्भातही खडी गंमत आहे, दंडार आहे. नाव एक, बाज जवळचा. राज्याची सीमा मध्ये आली म्हणून लोककला तुटत नाही, ती अशी.

चोराचे खरे बोलणे

या नव्या पद्धतीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे १९७५ चे 'चरणदास चोर'. मूळ गोष्ट राजस्थानची लोककथा, विजयदान देथा यांनी लिहिलेली. चरणदास नावाचा चोर गंमत म्हणून गुरूला चार वचने देतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राजा होणार नाही, राणीशी लग्न करणार नाही. चोराच्या वाट्याला यातलं काय येणार? गुरू आणखी एक वचन घेतो, खोटं बोलणार नाही. पुढे नशीब अशी वळणे घेते की चारही गोष्टी त्याच्यासमोर ताटात वाढून येतात. तो सगळं नाकारतो. राणीने लग्नाची मागणी घातली, तीही नाकारतो. हे कुणाला सांगू नकोस, एवढंच राणी म्हणते. पण खोटं न बोलण्याचं वचन आड येतं आणि चोराचा जीव जातो.

हसत हसत चाललेलं नाटक मृत्यूपाशी येऊन थांबतं. प्रामाणिक म्हणवणारे पुजारी, मुनीम, मंत्री सगळे तडजोड करतात आणि शब्दाला जागतो तो चोर. आपल्याकडे वादा आणि अमानत यांचं महत्त्व लहानपणापासून शिकवतात. त्या घरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

नाटकातली गाणी आणि पंथी नाच सतनामी समाजाचे. गुरू घासीदासांचा हा पंथ सत्यालाच ईश्वर मानतो. राणीची भूमिका फिदाबाईंनी केली. पुढे गोविंदराम निर्मलकर यांचा चरणदास खूप गाजला. १९७५ मध्येच श्याम बेनेगल यांनी यावर चित्रपट काढला आणि स्मिता पाटील यांनी त्यात काम केले. १९८२ मध्ये एडिंबराच्या नाट्यमहोत्सवात या नाटकाला 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार मिळाला. स्कॉटलंडच्या प्रेक्षकांसमोर छत्तीसगढी बोलणारे शेतकरी-मजूर कलावंत उभे राहिले आणि जिंकून आले. त्यासाठी त्यांना भाषा बदलावी लागली नाही.

यानंतर 'बहादुर कलारिन' आले, 'हिरमा की अमर कहानी' आली. ज्या शेक्सपिअरसाठी लोक लंडनला जातात, त्याच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'चे 'कामदेव का अपना बसंत ऋतु का सपना' झाले, १९९३ मध्ये. सरकारनेही कदर केली. १९७२ ते १९७८ ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. १९६९ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९८३ मध्ये पद्मश्री आणि २००२ मध्ये पद्मभूषण.

दगड आणि खुर्च्या झेलणारा कलावंत

मानसन्मान मिळाले, तसा त्रासही झाला. 'पोंगा पंडित' नावाचा एक जुना नाचा आहे, 'जमादारिन' या नावानेही तो ओळखला जातो. शिवाशीव पाळणाऱ्या पुजाऱ्याची एक सफाई कामगार बाई फजिती करते, एवढा त्याचा विषय. हा खेळ हबीबनी लिहिलेला नाही. गावचे कलावंत तो १९३० च्या दशकापासून करत आले होते आणि हिंदू गावकरीच पोट धरून हसत होते. पण १९९२ नंतर हवा बदलली. एक मुसलमान दिग्दर्शक आमच्या धर्माची चेष्टा करतो, अशी ओरड सुरू झाली. प्रयोग बंद पाडले जाऊ लागले. २००३ मध्ये मध्य प्रदेशात ठिकठिकाणी गोंधळ झाला, फेकाफेक झाली. वयाच्या ऐंशीव्या वर्षी हबीबसाहेब प्रयोग करत राहिले.

लक्षात घ्या, रंगमंचावर काम करणारे जवळजवळ सगळे कलावंत हिंदू होते आणि खेळ त्यांचा पिढीजात होता. तरी बोट रोखलं गेलं ते एका नावाकडे. हे दुखणं आपल्याला नवीन नाही. हबीबसाहेबांनी त्याला उत्तर दिले ते कामातून. ते कुणाचा द्वेष करत बसले नाहीत आणि घाबरून खेळही गुंडाळला नाही.

त्यांनी आरसा फक्त दुसऱ्यांनाच दाखवला, असंही नाही. १९९० मध्ये त्यांनी असगर वजाहत यांचे 'जिस लाहौर नइ देख्या' बसवले. फाळणीत लखनौहून लाहोरला गेलेल्या मुस्लिम कुटुंबाला एक हवेली मिळते. तिथे एक म्हातारी हिंदू बाई मागे राहिलेली आहे. हळूहळू ती त्या घराची आजी होते. ती वारते तेव्हा तिचे अंत्यसंस्कार तिच्याच धर्माप्रमाणे व्हावेत, असं मशिदीचे मौलवीसाहेब ठामपणे सांगतात. त्याची किंमत ते जिवाने मोजतात, गुंड त्यांचा खून करतात. शेजाऱ्याचा हक्क म्हणजे काय, ते शिकवणारा हा मौलवी हिंदी-उर्दू रंगभूमीवरचं फार मोठं पात्र आहे. पडद्यावर आज मौलवी कसा दाखवतात ते पाहिलं, की हबीबसाहेबांचं मोल कळतं.

शेवटची वर्षे

१९९० च्या दशकात त्यांनी दिल्ली सोडली आणि ते भोपाळला राहायला गेले. भोपाळच्या वायूकांडावर 'जहरीली हवा' केले. २००५ मध्ये मोनिकाबाई गेल्या. हबीबसाहेब आपल्या आठवणी उर्दूत लिहीत होते, पण ते काम पूर्ण झाले नाही. ८ जून २००९ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, भोपाळमध्ये त्यांचा इंतेकाल झाला. तिथेच त्यांचा दफनविधी झाला. मुलगी नगीन तनवीर यांनी छत्तीसगढी गाण्यांचा वारसा पुढे चालवला.

त्याच वर्षी छत्तीसगढ सरकारने 'चरणदास चोर'च्या पुस्तकावर बंदी घातली. सतनामी समाजातल्या काहींनी आक्षेप घेतला होता. ज्या समाजाच्या गाण्यांनी नाटक उभं राहिलं, त्याच समाजाचं नाव पुढे करून, तेही लेखक उत्तर द्यायला उरला नसताना!

हबीबसाहेबांवरही टीका झाली, तीही नोंदवायला हवी. नाव दिग्दर्शकाचं झालं, कलावंत गरीबच राहिले, असं म्हटलं गेलं. हे पूर्ण खोडून काढता येत नाही. गोविंदराम निर्मलकर यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांची शेवटची वर्षे पक्षाघात आणि ओढगस्तीत गेली. नया थिएटर ही सरकारी अनुदान आणि प्रयोगांच्या कमाईवर चालणारी संस्था होती. हबीबसाहेबांनी या माणसांना मान दिला, जगभर नेले. पण म्हातारपणाची सोय एकट्या दिग्दर्शकाच्या हातून झाली नाही.

आपल्यासाठी काय?

महाराष्ट्रातल्या मुसलमानाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता! कौतुक असतं, पण त्यात एक टोचणीही असते, जणू ही भाषा आपण कुठून तरी उसनी आणली आहे. दुसऱ्या बाजूला आपल्याच काही घरांत मराठी म्हणजे बाहेरची, घरची भाषा फक्त उर्दू, असंही मानलं जातं. मग कोकणातल्या आपल्या बायांची कोकणी, मराठवाड्यातली दखनी, वर्धा-यवतमाळकडची वऱ्हाडी मिसळलेली बोली, यांचं काय करायचं? पोरं शाळेच्या स्नेहसंमेलनात ही बोली लपवतात आणि घरी पाहुण्यांसमोरही लपवतात.

हबीब तनवीर यांच्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर आहे. ते उर्दूचे शायर होते आणि शेवटपर्यंत उर्दूचेच राहिले. पण ज्या मातीत जन्मले तिची बोली त्यांनी परकी मानली नाही. उर्दू आणि छत्तीसगढी यांतली एक निवडायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही. एका हाताने त्यांनी नजीरला बाजारात परत आणले आणि दुसऱ्या हाताने ठाकूरराम, भुलवाराम, फिदाबाई यांना जगासमोर उभे केले.

आणि त्यांचा दुसरा धडा घरोघरी वापरता येईल असा आहे. मूल बोलत नसेल, बुजत असेल, तर ते मठ्ठ आहे असं लगेच ठरवू नये. आपण त्याला कुणाच्या भाषेत बोलायला लावतो आहोत, ते आधी पाहावं. हे कळायला एका मोठ्या दिग्दर्शकाला बारा-पंधरा वर्षे लागली. आपल्याला त्यांच्यामुळे ते आयतं मिळालं आहे. आपल्या वस्तीतल्या, शाळेतल्या पुढच्या कार्यक्रमात मुलांना त्यांच्या नानी-दादीच्या बोलीत एक छोटं नाटक करू द्या. बघा, पोरं कशी खुलतात ती.